समुद्र नाही? मग जहाज बांधा!

आजूबाजूला सागाचं जंगल, खाली पैनगंगा आणि समुद्र पाचशे किलोमीटर लांब. अशा माहूर-किनवटकडच्या पोरापोरींनी टेबलावर मावेल एवढं लाकडी जहाज स्वतःच्या हातांनी का बांधावं? आणि बांधायचंच, तर सुरुवात कुठून करावी?

माहूरपासून समुद्र किती लांब आहे, कधी मोजलंय? नकाशावर पट्टी ठेवून बघा. पश्चिमेला मुंबईकडे मोजा, नाहीतर आग्नेयेला आंध्रच्या किनाऱ्याकडे. सरळ रेषेतसुद्धा अंतर पाचशे किलोमीटरच्या वर भरतं. रेणुकामातेच्या गडावरून दिसतात ते डोंगर, जंगल आणि वळणं घेत जाणारी पैनगंगा. आपल्यातल्या कितीतरी जणांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलवर.

मग लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद आपल्या पानावर कशाला? हे तर मुंबई-पुण्याचं, नाहीतर परदेशातलं खूळ, असं तुम्ही म्हणाल.

थांबा. जहाज बांधायला आधी समुद्र लागत नाही, लाकूड लागतं. आणि किनवट-माहूरचा पट्टा सागासाठीच ओळखला जातो. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही, त्याला वाळवी सहज लागत नाही. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात तो त्रास फार कमी. म्हणून तर ओकच्या टंचाईने हैराण झालेल्या ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या वाडिया गोदीत सागाची युद्धनौका बांधून घेतली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ती ‘एचएमएस त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे आणि दोनशे वर्षांनंतरही तरंगते आहे. तिचा साग मलबारचा होता, आपल्याकडचा नव्हे. पण जात तीच, जी तुमच्या घराच्या चौकटीत असेल.

आणि पाण्याचं म्हणाल, तर पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. माहूरखालून वाहणारं पाणी शेवटी समुद्रालाच जातं. तेवढ्या लांबची वाट त्याला माहीत आहे, आपल्याला नाही, एवढंच.

मराठवाड्याने जहाज पाहिलंय!

लातूरच्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे. संत गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव होतं तगर. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात या तगरचा उल्लेख आहे. इथलं सुती कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. म्हणजे आपला कापूस तेव्हाही समुद्र ओलांडत होता.

दुसरी खूण मुंबईत आहे. बोरिवलीजवळच्या एक्सर गावात काही वीरगळ उभे आहेत. लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मरणाचे हे दगड. गावोगावी दिसणाऱ्या वीरगळांवर घोडे, गायी आणि तलवारी असतात. एक्सरच्या दगडांवर मात्र वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं कोरलेली आहेत. काही अभ्यासकांच्या मते ही लढाई तेराव्या शतकातली, कोकणचे शिलाहार आणि देवगिरीचे यादव यांच्यातली. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. समुद्र नसलेल्या राजधानीचं सैन्य समुद्रावर लढायला गेलं होतं!

आणि तिसरी खूण सगळ्यात मोठी. अजिंठा. लेण्यांच्या भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. ज्या चित्रकाराने ते काढलं, तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर डोंगराच्या पोटात बसून रंग लावत होता. शिडं, नाळ (म्हणजे जहाजाचं पुढचं टोक), सगळं त्याने भिंतीवर उतरवलं. त्या चित्राचं पुढे काय झालं, ते आता बघा.

भिंतीवरचं जहाज पाण्यावर

२०२३ मध्ये केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात एक करार झाला. अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज खरोखर बांधायचं. अडचण अशी की, अशा जहाजाचा नकाशा कुठेच शिल्लक नव्हता. होतं ते भिंतीवरचं एक सपाट चित्र. त्यात लांबी दिसते, उंची दिसते, पण रुंदी? पोटाचा गोलवा? आतला सांगाडा? चित्र ते सांगत नाही.

मग चित्रावरून आराखडा काढला गेला. आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने त्याच्या लहान प्रतिकृतीची चाचणी झाली. हे जहाज पाण्यात कसं वागेल, ते आधी छोट्या मॉडेलने सांगितलं. मग केरळचे मिस्त्री बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर कामाला लागले. फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. होय, शिवल्या! फटी नारळाच्या काथ्याने, राळेने आणि तेलाने बंद केल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला हे जहाज ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून निघालं आणि वाऱ्याच्या जोरावर, शिडांनी, जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कतला पोहोचलं.

या गोष्टीत एक जागा नीट बघा. चित्र होतं, पैसा होता, नौदल होतं, आयआयटी होती. पण फळी फळीला शिवायची कशी, दोरी किती ताणायची, कुठे ढील द्यायची, हे कारागिरांच्या बोटांत होतं. तसे हात आता फार थोडे उरलेत. ते नसते तर अजिंठ्याचं जहाज भिंतीवरच राहिलं असतं.

छंद म्हणून लाकडी जहाज बांधायचं ते यासाठी. शोकेसमध्ये ठेवायला सुंदर वस्तू मिळते, ते खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एखादी वस्तू उभी कशी राहते, ते आपल्या हातांना कळतं. व्हिडिओ पाहून डोक्याला कळतं. हाताला कळायला हातच चालवावा लागतो.

माणूस आगकाडीएवढा

प्रतिकृती म्हणजे नुसती लहान वस्तू नव्हे. ती प्रमाणात लहान हवी. जहाजांच्या मॉडेलमध्ये १:४८, १:५०, १:६४, १:१०० अशी प्रमाणं वापरतात. आपण हिशेबाला सोपं म्हणून १:५० घेऊ. म्हणजे खऱ्या जहाजातले ५० सेंटिमीटर आपल्याकडे १ सेंटिमीटर.

साधारण २० मीटरचं जहाज घ्या. ते तुमच्या टेबलावर ४० सेंटिमीटरचं होईल. साडेपाच फुटी खलाशी सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा, आगकाडीपेक्षा जरा बुटका. आता गंमत बघा. फळ्यांसाठी आपल्याला पहिल्यांदा काय सुचतं? आइस्क्रीमच्या काड्या! एक काडी साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड. १:५० ने ती फळी खऱ्या जहाजात अर्धा मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड होईल. एवढ्या जाड फळ्या लावल्या तर गलबत दिसायच्या ऐवजी ओंडक्यांचा तराफा दिसेल. ५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पट्टी हवी.

सागाचीही हीच अडचण. खऱ्या जहाजाला साग उत्तम, पण त्याच्या रेषा ठळक असतात. छोट्या मॉडेलवर त्या रेषा मोठ्या आणि भरड दिसतात. म्हणून जगभरातले मॉडेल बांधणारे बारीक पोताची लाकडं निवडतात. आपल्याकडे हळदू आणि शिवण ही लाकडं कोरीव कामाला चांगली. सुताराकडे त्यांचा तुकडा मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला, तर पहिल्या मॉडेलला साग चालेल. सागाने पात्याची धार लवकर बोथट होते आणि त्याच्या तेलामुळे फेव्हिकॉल नीट धरत नाही, एवढं लक्षात ठेवा. चिकटवण्याआधी पॉलिश पेपर मारून, थिनरच्या फडक्याने जागा पुसून घ्यायची, ती खिडकी उघडी ठेवून.

पहिलं जहाज : भाकरीची चवड

पहिल्याच झटक्यात फासळ्या आणि फळ्यांच्या भानगडीत पडू नका. सोपी पद्धत आहे. इंग्रज लोक तिला ‘ब्रेड अँड बटर’ म्हणतात. आपण ‘भाकरीची चवड’ म्हणू. दुरडीत ज्वारीच्या भाकरी एकावर एक रचतात ना, तसंच.

आधी कागदावर दोन चित्रं काढा. एक बाजूने दिसणारं, एक वरून दिसणारं. कुठली होडी? कोकणातली साधी मच्छीमार होडी घ्या. धाडस असेल तर मराठा आरमारातलं गलबत घ्या. अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन लिहून ठेवलंय. गुराब रुंद, उथळ पाण्यात चालणारी, मधून टोकाकडे निमुळती होत जाणारी, पुढे लांब निघालेली नाळ. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. गलबत तिच्यापेक्षा लहान, फार तर ७० टनांचं, दोन डोलकाठ्या आणि ४०-५० वल्ही. शब्दांतल्या या वर्णनावरून चित्र काढून बघा. आपल्याला काय काय माहीत नाही, ते तेव्हा कळतं.

आता बाजूच्या चित्रावर १-१ सेंटिमीटरवर आडव्या रेषा मारा. प्रत्येक रेषेवर जहाजाचा आडवा छेद कसा असेल तो आकार काढा. तळाशी अरुंद, वर रुंद. तेवढे आकार १ सेंटिमीटर जाडीच्या फळीतून कापा. वरच्या थरांची मधली जागा कोरून टाका, म्हणजे पोट पोकळ होईल. सगळे थर एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवा, वर वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

सकाळी तुमच्यासमोर पायऱ्या-पायऱ्यांची एक ओबडधोबड होडी असेल. त्या पायऱ्या पटाशीने आणि पॉलिश पेपरने घासून गोलवा आणायचा. दोन्ही बाजू सारख्या आल्या का, कसं बघायचं? घरात पडलेल्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या. एका बाजूच्या गोलाव्यात बसेल असा कापा. तोच पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. जिथे उजेड दिसेल तिथे लाकूड कमी आहे, जिथे अडेल तिथे जास्त. नजरेला ‘सारखंच तर दिसतंय’ वाटतं, पुठ्ठा खोटं बोलत नाही.

पटाशी वापरताना एकच नियम. पात्याच्या वाटेत आपला दुसरा हात कधीच ठेवायचा नाही. लाकूड शिकंज्यात नाहीतर पायाखाली धरून नव्हे, टेबलाला नीट घट्ट बांधून काम करायचं.

दुसरं जहाज : कणा, फासळ्या, फळ्या

पहिली होडी पूर्ण झाली की खऱ्या पद्धतीकडे वळा. आधी कणा. तळाशी पुढून मागे जाणारं एक सरळ लाकूड. कणा वाकडा, तर सगळं जहाज वाकडं. त्यावर ठरावीक अंतराने फासळ्या उभ्या करायच्या. मॉडेलमध्ये फासळीऐवजी प्लायवूडचे आडवे पडदे कापून बसवतात, ते सोपं पडतं. मग त्यावर फळ्या.

फळी वाकवायची कशी? पट्टी तासभर पाण्यात भिजवा, मग गरम इस्त्रीवर हळूहळू वाकवा आणि गार होईपर्यंत आकारात बांधून ठेवा. कपड्यांचे चिमटे इथे पक्कडीचं काम करतात. घाईने वाकवली तर ‘कट’ असा आवाज येतो आणि पट्टी गेली. पाच-दहा पट्ट्या जास्तीच्या कापूनच बसा.

आणखी एक गोष्ट. एका बाजूच्या सगळ्या फळ्या लावून मग दुसऱ्या बाजूला जायचं नाही. डावीकडे एक, उजवीकडे एक, असंच लावत जायचं. कारण प्रत्येक वाकवलेली फळी सांगाड्याला आपल्याकडे ओढते. एकाच बाजूने ओढ बसली की कणा पिळतो आणि तो पीळ नंतर कशानेच निघत नाही. शिवाय जहाज टोकाकडे निमुळतं होतं, म्हणून फळीही टोकाकडे अरुंद करावी लागते. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवल्या तर मधे बसतात आणि टोकाला एकमेकींवर चढतात. हे कागदावर वाचून पटत नाही. तिसऱ्या फळीला आपोआप पटतं.

डोलकाठीला बांबू घ्या. बुरुडाकडे गेलात तर तो एका सरळ वाराने बांबू कसा चिरतो ते बघत बसा. शिडाला जुनं मांजरपाट, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं, म्हणजे नवा पांढरा रंग जाऊन उन्हा-पावसात वापरलेलं दिसतं. दोरीला जाड शिवणदोरा. शेवटी सगळ्या लाकडावर जवसाच्या तेलाचा हात. एक सूचना इथेच. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

सुतारमामांकडे जायचंय

लाकूड कुठून आणायचं? जंगलातून अजिबात नाही. साग तोडायला आणि वाहून न्यायला कडक नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. तसे नियम जुनेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही आरमारासाठी लाकूड कसं घ्यावं ते सांगितलंय. साग परवानगीने तोडावा, आणि रयतेच्या आंबा-फणसाला तिला राजी केल्याशिवाय, मोबदला दिल्याशिवाय हात लावू नये. राजाच्या आरमाराला जो नियम, तो आपल्या टेबलावरच्या गलबतालाही.

आपल्याला लागतं ते उरलेलं लाकूड. ते सुताराकडे आणि आरा मशीनवर पडलेलं असतं. कित्येकदा चुलीत जातं. जाऊन एवढंच विचारायचं, “मामा, हे तुकडे जाळणार आहात का? मला एक जहाज बांधायचंय.” आधी हसतील. मग विचारतील, कसलं जहाज? मग चित्र दाखवा.

आता खरा मुद्दा. तुमच्या गावात बैलगाडीचं चाक बनवलेले सुतार अजून असतील, पण ते साठी-सत्तरीत असतील. चाकात आरे बसवायचे, त्यावर तापलेली लोखंडी धाव चढवायची, ती गार होताना आकसते आणि अख्खं चाक आवळून धरते. तिफण, औत, चौकट, पाळणा, देव्हारा, सगळं त्यांच्या हातचं. आता औत लोखंडाचं, गाडीच्या जागी ट्रॅक्टर, दारं रेडिमेड आणि कपाटं प्लायवूडची. त्यांच्या पोरांनी दुसरा धंदा धरला, त्यात चूक काही नाही. पण रंधा कुठल्या दिशेने मारला की लाकूड उचकटत नाही, कुठला तुकडा उद्या पिळणार, हे त्यांना लाकूड हातात घेताच कळतं. ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते शिकायला त्यांच्या शेजारी बसावं लागतं, आणि तसं बसणारं आता कोणी येत नाही.

कौंडिण्य बांधायला हात मिळाले, कारण ते वेळेवर शोधले. आपल्या गल्लीतले हात शोधायला नौदल येणार नाही. तुम्ही जहाजाचं निमित्त करून गेलात, तर चार महिन्यांत जहाजासोबत बरंच काही हाती लागेल. जमलं तर ते सांगतील त्यातलं थोडं वहीत लिहून ठेवा, अवजारांची त्यांच्या तोंडची नावं लिहा, मोबाइलवर हातांचा व्हिडिओ घ्या. रील म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

तरंगेल का?

बांधलं की प्रत्येकाला ते पाण्यात सोडायचं असतं. सोडा, पण आधी गणित ऐका. १:५० च्या मॉडेलमध्ये लांबी ५० पटीने कमी होते. शिडाचं क्षेत्रफळ ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० पटीने कमी होतं. आणि वजन ५० चा घन, म्हणजे सव्वा लाख पटीने कमी होतं! म्हणजे वजनाच्या मानाने शीड फारच मोठं राहतं आणि छोट्याशा झुळकेनेही मॉडेल आडवं होतं. यावर उपाय म्हणजे तळाशी वजन. पोटात अगदी खाली लोखंडी छर्रे किंवा नटबोल्ट चिकटवा आणि बादलीत सोडून बघत बघत वाढवा.

इंजिनीअरिंगवाल्यांसाठी आणखी एक. १८७० च्या दशकात विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने पाण्याच्या लांब टाकीत मॉडेलं ओढून एक नियम पक्का केला. मॉडेल आणि जहाज सारख्याच लाटा उठवतात, पण वेगाचं प्रमाण लांबीच्या वर्गमुळाने ठरतं. ५० चं वर्गमूळ साधारण ७. म्हणजे खरं जहाज ताशी ७ किलोमीटरने जशी लाट उठवेल, तशी तुमचं मॉडेल ताशी १ किलोमीटरला उठवेल. मोठमोठ्या जहाजांची मॉडेलं आजही टाकीत ओढून बघतात, ती याच नियमाच्या आधारावर.

वेळ कुठे आहे?

एमपीएससी चालू आहे, सेमिस्टर आहे, शेतीत कापूस वेचायला माणूस नाही. खरंय. या छंदातून नोकरी लागेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ‘साधन नाही’ आणि ‘पैसा नाही’ ही कारणं मात्र चालणार नाहीत. परदेशी तयार संचांना हजारो रुपये पडतात, ते सोडून द्या.

नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत हजारो फ्रेंच सैनिक इंग्लंडमध्ये कैदेत होते. नॉर्मन क्रॉस नावाच्या छावणीत १७९७ ते १८१४ या काळात असे कैदी ठेवले होते. त्यांच्याकडे ना लाकूड, ना अवजारं. त्यांनी जेवणातली मटणाची हाडं धुऊन, घासून, त्यांच्या पट्ट्या करून युद्धनौकांची मॉडेलं बांधली आणि छावणीच्या बाजारात विकली. ती इतकी बारीक आहेत की आज इंग्लंडच्या संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. कधी सुटका होणार, हे माहीत नसलेली ती माणसं. पण आज तीन फळ्या लावल्या, उद्या चार लावू, एवढं त्यांच्या हातात होतं.

निकालाची तारीख आपल्या हातात नसते. जागा निघतील का, पेपर पुढे ढकलतील का, काहीच नसतं. अशा वर्षांत संध्याकाळचा पाऊण तास असा असावा, ज्यात केलेलं काम डोळ्यांना दिसतं आणि उद्या तिथूनच पुढे चालू होतं. या छंदात सर्वात जास्त मॉडेलं कुठे अडकतात, माहितीये? फळ्यांच्या मधोमध. सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि जहाज अजून जहाजासारखं दिसत नसतं. तिथे टिकून राहायची सवय लागली, तर ती अभ्यासालाही उपयोगी पडते.

सुरू करायचंय? पहिल्या महिन्याचा बेत

• पहिला आठवडा : फक्त बघा आणि काढा. अजिंठ्याला गेलात तर जहाजाच्या चित्रासमोर दहा मिनिटं थांबा. तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय बघा. नाहीतर घरीच बाजूचं आणि वरचं अशी दोन चित्रं ग्राफ पेपरवर काढा. पहिली होडी ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको.

• दुसरा आठवडा : सुतारमामांकडे जा. लाकूड मागा आणि अर्धा तास बसा. पैसे देऊ केले आणि घेतले नाहीत, तर पुढच्या खेपेला चहा घेऊन जा. १ सेंटिमीटर जाडीच्या फळ्या त्यांच्याकडूनच फाडून घ्या, मशीनवर स्वतः हात घालू नका.

• तिसरा आठवडा : थर कापा, चिकटवा. लागणारं सामान : बारीक करवत, एक पटाशी, ८०, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, फेव्हिकॉल, चिमटे, पट्टी, पेन्सिल.

• चौथा आठवडा : घासा. पुठ्ठ्याने मोजा. पुन्हा घासा. कंटाळा येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

• दोघं-तिघं मिळून करा. एकाने करवत चालवावी, एकीने चित्र काढावं. सायन्स कॉलेजच्या लॅबमध्ये पाण्याची टाकी मिळाली तर तळाच्या वजनाचा प्रयोग तिथेच करा, सरांना विचारून.

• होडी पूर्ण झाली की ती पहिल्यांदा सुतारमामांना नेऊन दाखवा. ते ती उलटी करतील, तळावरून अंगठा फिरवतील आणि कुठे उंचवटा राहिलाय ते सांगतील. तो घासून काढा आणि मग दुसऱ्या जहाजाचा कणा मागा.